रोजचा भाऊ

कमलाचा फोन आला तेव्हा मी गॅससमोर उभी राहून कुकरच्या शिट्टीची वाट बघत होते. "ताई, दादा उठत न्हाई," ती म्हणाली. मी म्हटलं, हलवून बघ, पुस्तक वाचत जागला असेल. त्यावर ती म्हणाली, "हलवलं. चहा पण गार झाला..." रडली नाही. आमच्या दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, सकाळचा चहा जरा कोमट लागला तरी कप परत जायचा. त्याच्या उशाशी चहा गार झाला म्हणजे काय झालंय, ते मला तिथंच कळलं. मी गॅस बंद केला. कुकरमध्ये काय लावलं होतं ते आज काही केल्या आठवत नाही.

कोल्हापूरच्या बावड्यात त्याच्या घरी पोहोचले तर दारात ही गर्दी. दादाचा मुलगा, माझा भाचा, पुण्याहून निघाला होता. डॉक्टर येऊन गेले होते, झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. कमला पायाशी बसली होती, दादाच्या पावलांवर चादर सारखी करत होती, परत परत. चार दिवसांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लांबचे नातेवाईक आले, तेव्हा शाहूवाडीकडच्या एका मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं, ही गोरी, बारक्या डोळ्यांची बाई कोण? सगळ्यांना चहापाणी तीच बघतेय. मी म्हटलं, दादाची बहीण. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण आमच्या घरात बहीण एकच, ती मी. तेव्हा समजावून सांगायला वेळ नव्हता. आता आहे, म्हणून लिहिते.

दादाला ओळखणाऱ्यांना आधी त्याचा आवाज आठवेल. तो फोनवर बोलायला लागला की फोनची गरजच काय, असं वाटायचं. आम्ही मूळचे मलकापूरजवळच्या एका वाडीतले. वडिलांनी धम्म स्वीकारला, मुलांना शिकवलं, मी शिक्षिका झाले आणि दादा तहसील कचेरीत लागला, पुरवठा शाखेत. रेशनकार्डं करण्यात त्याचा जन्म गेला. नाव वाढवणं, नाव कमी करणं, सून आली, आजी गेली... तालुक्यातली निम्मी घरं त्याला माणसांच्या संख्येवरून ठाऊक होती. लग्नाच्या जेवणात कुणी पाया पडलं की म्हणायचा, तुमच्या घरात सातजण, थोरल्याचं नाव वेगळं काढलंय न्हवं? निवृत्त झाल्यावरही खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ तो कचेरीसारखंच थोडं पुढे लावून ठेवायचा. कुठे जायचं नसलं तरी उशीर होता कामा नये.

कमला त्याच्या घरी आली ती भाडेकरू म्हणून. तिचा नवरा राजारामपुरीत एका अपार्टमेंटवर राखणीला होता, दोघंही नेपाळचे, पाल्पाच्या डोंगरातले. मागच्या अंगणातली खोली त्यांना दिली होती. नवरा पुढे आखातात कामाला म्हणून गेला तो गेलाच, ना फोन ना निरोप. कमला मागं राहिली. चायनीजच्या एका गाडीवर कोबी चिरायची, भांडी घासायची, आणि वहिनींना घरात मदत करायची. कोल्हापुरी मराठी ती अशी शिकली की भाजीवाल्याशी भांडताना ती इथलीच वाटायची. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती सकाळपासून मागच्या पायरीवर बसून रडत होती. वहिनींनी विचारलं तेव्हा कळलं की तिच्याकडेही तोच सण त्याच दिवशी असतो. बहिणीनं भावाभोवती तेलाची धार धरून फिरायचं, उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा, मग कपाळावर सात रंगांचा टिळा लावायचा. अक्रोड फुटला की यम भावाच्या वाटेतनं बाजूला होतो. तिचा सख्खा भाऊ तिकडे डोंगरात, आणि कित्येक वर्षांत गाठ नाही.

आता इथं आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. वडिलांनी जुने सण उंबऱ्याबाहेर काढले होते. भाऊबीजेला शेजारच्या मुली भावांना ओवाळायच्या आणि मी खिडकीतून बघायचे. एकदा मी आईच्या मागे लागून तबक तयार केलं होतं, तर वडिलांनी ते शांतपणे फडताळावर ठेवलं आणि मला त्रिशरण म्हणायला बसवलं. दादा तर वडिलांपेक्षा कडक. मोठेपणी मी थट्टेनं विचारलं तरी म्हणायचा, कपाळाला काय लावायचं ते माझं मी ठरवीन. आणि असा हा माणूस वहिनींच्या एका वाक्यासरशी कमलापुढे पाटावर जाऊन बसला. वहिनी म्हणाल्या होत्या, जावा की, तत्त्व काय झिजत न्हाई तुमचं. तिनं त्याच्या कपाळावर सात रंगांचा उभा पट्टा ओढला, गळ्यात रंगाच्या रिकाम्या डब्यात वाढवलेल्या जांभळ्या बटणासारख्या फुलांची माळ घातली. ही फुलं वाळतात पण रंग सोडत नाहीत. माळ पुढच्या दिवाळीपर्यंत त्याच्या खोलीत खिळ्याला होती, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या शेजारी.

मला राग आला. का येऊ नये? मी तडक गेले आणि विचारलं, सख्ख्या बहिणीला एकदा सुद्धा ओवाळू दिलं नाहीस आणि हिच्यापुढे बसलास. दादा भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "सुमे, तुला रोजचा भाऊ हाय. तिला एका दिवसाचा." मी चपला घातल्या आणि घरी आले. राग लगेच गेला नाही, दोन दिवाळ्या तरी मी भाऊबीजेच्या दिवशी त्याच्या घराकडे फिरकले नाही.

कमलाला धाप लागायला लागली ती आधी आम्ही मनावर घेतली नाही. कोबीची टोपली उचलली की बसायची. पुढे पायांवर सूज, रात्री उशाला दोन उशा. तपासणीत निघालं की लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यातच हृदयाची झडप खराब झालेली. ती बदलायची, आणि लवकर. दादा तिला घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेला, मीही बरोबर होते. दाराशीच फलक होता, सरकारी आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्यांसाठी, कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. योजनेच्या टेबलावरची मुलगी चांगली होती. तिनं कमलाला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि रेशनकार्ड मागितलं. नाही. आधार? नाही. मग नेपाळचं काही? तेही नाही. लग्न कोवळ्या वयात झालेलं, नागरिकतेचा दाखला काढायच्या आधीच नवऱ्याबरोबर इकडे आली. इथं राहायला तिला कुणाची आडकाठी नव्हती. कुणी हाकलत नव्हतं, पण ती कुठंच लिहिलेली नव्हती. ती मुलगी संगणकाकडे पुन्हा पुन्हा बघत होती, जणू अजून एखादा रकाना सापडेल. सापडला नाही. दादानं बाहेर येऊन हळू आवाजात रिक्षा बोलावली, आणि त्या हळू आवाजानंच मी घाबरले.

त्यानंतर गल्लीत एकच चर्चा. आमच्याकडची माणसं मनानं मोठी, आणि कायद्याच्या बाबतीत त्याहून मोठी. सगळ्यांचं मत एकच पडलं. दादानं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं कार्डात घातली, आता हिचं आपल्याच कार्डात बहीण म्हणून घालायचं. मानलेली तर मानलेली, टिळा लावते म्हणजे बहीणच की! त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं कचेरीत बसलेली, शब्द टाकायचा अवकाश. एकजण तर शाळेचा दाखला आणून देतो म्हणाला. मीसुद्धा त्यांच्यातच होते. मी दादाला म्हटलं, आपल्या बाबांना आणखी एक मुलगी झाली असं समज, कुणाचं काय जातंय. दादा म्हणाला, नाही. मी चिडले. म्हटलं, तिचा जीव जातोय आणि तू नियम कवटाळून बसलायस. तेव्हा तो बोलला, आणि ते शब्द मी अजून विसरलेले नाही.

"आपरेशनच्या टेबलावर काय वाईट झालं तर? आपल्या बाबांची लेक मेली म्हणून लिवायचं, आणि तिच्या बाची लेक कुठं गेली म्हणायचं? सुमे, ती जगली तरी दुसऱ्याची म्हणून जगायची, मेली तरी दुसऱ्याची म्हणून मरायची. न्हाई. तिला तिच्याच नावानं जगवायची."

मग काही दिवस तो हिंडला. अर्ज केले, धर्मादाय खाटा कुठे आहेत ते विचारलं, जुन्या साहेबांना भेटला. सगळीकडे माणसं ऐकून घ्यायची, हळहळायची, आणि शेवटी उत्पन्नाच्या नाहीतर रहिवासाच्या दाखल्यापाशी गाडी थांबायची. त्याला त्यांचा राग नव्हता. उलट मलाच समजवायचा, योजनेला कुठंतरी कुंपण लागतंच, मी पण तेच केलं की नोकरीभर. फक्त एकदा म्हणाला, "पण कुंपणाभायेर माणूस मेला तर वास आत येतोच की." नंतर एके दिवशी त्यानं पिशवी भरली आणि जाहीर केलं की तो कमलाला तिच्या देशात घेऊन चाललाय. तिकडेही सरकारी आरोग्य विमा आहे, हृदयाच्या गरीब रोग्यांना मदत आहे. फक्त आधी ती तिकडची आहे हे लिहून आणायला हवं. आणि त्यासाठी तिच्या सख्ख्या भावानं उभं राहून सांगायला हवं की ही माझी बहीण.

साठी ओलांडलेला, गुडघे धरलेला हा माणूस आणि दहा पावलांत दमणारी ती. कोल्हापूरहून पुणे, पुण्याहून गोरखपूर, पुढे बस, आणि मग सीमेची कमान दोघांनी चालत ओलांडली. दादा नंतर रंगवून सांगायचा, दोन देशांच्या मध्ये कुणी नाव सुद्धा विचारलं नाही, एका पोलिसानं फक्त तंबाखू मागितली. सीमेपासून लुंबिनीचा फाटा अगदी जवळ. बुद्धाचं जन्मस्थान बघायचं हे आमच्या वडिलांचं राहून गेलेलं आणि दादानं जन्मभर बोलून दाखवलेलं स्वप्न. कमला म्हणाली, दादा, जाऊन येऊ. तो म्हणाला, येताना.

तिचा भाऊ वाईट नव्हता. त्यानं दादाला खाटेवर बसवलं, दूध दिलं, मक्याची भाकरी दिली. पण दाखल्याचा विषय निघाला की त्याला म्हैस आठवायची. वॉर्डाचा, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीचा, सचिव गावाला गेलाय, उद्या बघू. उद्या आला की परवा. बहीण कागदावर आली तर उद्या डोंगरातल्या त्या तुकड्यात वाटा मागेल, ही त्याची भीती. ती कोणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होती. दादा मला म्हणाला होता, मी नोकरीभर लोकांना उद्या या म्हटलंय, उद्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. तो तिथं नुसता बसून राहिला. भाषा येत नव्हती, पण त्यांच्या पोरांना त्यानं कोल्हापुरी शिव्या शिकवल्या, असं कमला सांगते. आणि तेवढ्यात सण आला.

त्या दिवशी टिळा नाकारणं कुठल्याच भावाला शक्य नसतं. ओसरीवर दोन आसनं मांडली, एकावर सख्खा भाऊ, दुसऱ्यावर दादा. कमलानं तेलाची धार धरून दोघांना फेरी घातली. एका फेरीतच तिचा श्वास वर आला. मग उंबऱ्याशी बसून तिनं अक्रोडावर दगड घातला. अक्रोड फुटला नाही, निसटला. पुन्हा घातला. ओठ निळे पडलेले, कपाळावर घाम. अक्रोड फुटल्याशिवाय टिळा नाही, आणि तो तिनंच फोडायचा, भावांनी जागचं हलायचं नाही, अशी त्यांची रीत. म्हणून दोन्ही भाऊ माळा घालून बसलेले, आणि समोर ती त्यांच्यावरचा यम घालवायला बसलेली, आणि तो तिच्याच मानेवर बसलाय हे दोघांना दिसतंय... दादा हे सांगताना प्रत्येक वेळी इथं चष्मा काढायचा आणि पुसायचा. शेवटी तिनं दोन्ही हातांनी दगड उचलला आणि अक्रोड फुटला. टिळे लागले. सख्ख्या भावानं रीतीप्रमाणे तिच्या हातावर ओवाळणी ठेवायला हात पुढं केला, तर कमलानं हात मागं घेतला. ती काय बोलली ते दादाला भाषेमुळे कळलं नाही. कमलानंच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, शेत तुझं, घर तुझं, मला फक्त सही दे.

सणाची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी भाऊ त्या दोघांच्या पुढे चालत वॉर्डाच्या कचेरीत गेला.

पुढचं सोपं नव्हतं, पण ते नेहमीचं होतं, खेटे घालायचं, आणि त्यात दादा वाकबगार. दाखला झाला, विम्यात नाव लागलं, काठमांडूत शस्त्रक्रिया झाली, धातूची झडप बसवली. विम्यात जे बसलं नाही ते दादानं कुठून केलं हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत येताना गाडी दुसऱ्याच बाजूनं, बिहारमधून पकडावी लागली, आणि लुंबिनी राहिली ती राहिलीच. मी किती बोलले त्याला! एवढा त्या देशात जाऊन आलास आणि दाराशी जाऊन परतलास. "ती कुठं पळून जातीया," म्हणाला आणि चहा मागितला.

कमला मात्र परत आली. मला आश्चर्य वाटलं होतं, आता तिला देश मिळाला, विमा मिळाला, मग इथं का? तिला विचारलं तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, माझा कागद तिकडं हाय, पण चूल हिकडं." इथल्या सरकारी खिडकीवर ती अजूनही कुणी नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्माच्या, त्यासाठी दर महिन्याला रक्त तपासायचं, ते पदरचं. दादा तिला स्कूटरवर मागे बसवून न्यायचा, तपासणी झाली की मिसळ खाऊ घालायचा. वहिनी गेल्यावर दोघं एकमेकांना धरून होते. आणि परत आल्यावरच्या पहिल्या भाऊबीजेला तो सकाळी सकाळी माझ्या दारात उभा. खिशातून एक अक्रोड काढला, उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, ओवाळायचं न्हाई, टिळा न्हाई, नुसता फोड. मी वरवंटा आणला. मला रडू येत होतं आणि तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हसत होता. त्यानंतर एकही दिवाळी चुकली नाही. कमलाचा आणि माझा, आम्हा दोघींचे अक्रोड फुटत राहिले आणि तरीही यम आलाच, पण निदान त्याला झोपेत, न दुखवता घेऊन गेला. एवढं आमचं ऐकलं असेल, असं मी स्वतःला सांगते.

गेल्या आठवड्यात कमलाच्या तपासणीचा दिवस होता. भाच्यानं खोली तिच्याकडेच राहू दे म्हणून सांगितलंय, देव त्याचं भलं करो... असं लिहून गेले खरी, दादानं हे वाक्य खोडलं असतं. आम्ही दोघी रिक्षानं गेलो. तपासणीच्या ठिकाणच्या मुलानं विचारलं, काका न्हाई आलं आज? कमलानं बाही वर केली आणि हात पुढे केला. मिसळ खायची कुणाची इच्छा नव्हती. घरी आलो आणि दादाच्या खोलीत बसलो. मी खाटेवर, ती खाली भिंतीला टेकून. दुपारची वेळ, वीज गेलेली, पंखा बंद, बाहेर रस्ताही शांत.

टिक टिक ऐकू येत होतं. म्हटलं, चला, दादाचं घड्याळ तरी चालू आहे. वर बघितलं तर काटे भलत्याच वेळेवर उभे. मी कान देऊन बसले. आवाज भिंतीवरून येत नव्हता, खालून येत होता. मी कमलाकडे बघितलं तशी ती ओशाळली, पदर छातीवर ओढून घेतला. म्हणाली, "व्हॉल्व्ह हाय, ताई. शांत असलं की ऐकू येतंय." मी म्हटलं, मला एवढ्या वर्षांत कधी कसं ऐकू आलं नाही? मग माझं मलाच कळलं. दादा असताना या खोलीत एवढी शांतता असायचीच कधी? तिनं घड्याळाकडे बघितलं. सेल कधीचा संपला होता, ती म्हणाली, मी दोनदा म्हटलं दादाला, नवा आणते. तो म्हणाला, कशाला, तू येऊन बसतीस न्हवं.

तेवढ्यात वीज आली. पंखा गरगरायला लागला आणि तो बारीक आवाज त्यात बुडाला. कमला चहा ठेवायला उठली. मी खाटेवरून उतरले, पंखा बंद केला आणि तिला म्हटलं, चहा राहू दे, बस जरा.